माणसाच्या आधी : केळापूर परिसर आणि ‘माणूस’ या कोटीची घडण

‘माणूस’ ही कोटी मराठी समीक्षेत गेल्या अर्धशतकात जितक्या सहजपणे वापरली गेली, तितक्या सहजपणे तिची घडण मात्र तपासली गेली नाही. साहित्याच्या केंद्रस्थानी माणूस असतो, साहित्य माणसाकडे माणूस म्हणून पाहायला शिकवते, ही विधाने इतकी सर्वमान्य झाली की हा माणूस कोणत्या कागदांवरून, कोणत्या भाषांतरांतून आणि कोणाच्या मोजमापातून वाङ्मयचर्चेत आला, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरला. मिशेल फूको यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ज्ञानाचा विषय म्हणून माणूस ही अगदी अलीकडची निर्मिती असल्याचे प्रतिपादन केले. परंतु फूको यांचा पुरावा युरोपातील ग्रंथालयांतला आहे. वसाहतीत ही निर्मिती तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत झाली नाही. ती मिशनऱ्याच्या टिपणांत, शिरगणतीच्या तक्त्यांत आणि सरकारी कचेऱ्यांमार्फत मागवलेल्या भाषेच्या नमुन्यांत झाली. म्हणूनच तिचा इतिहास शोधायचा तर एखादा मर्यादित भूभाग घेऊन त्याविषयीचे लेखन बारकाईने वाचणे अधिक फलदायी ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका आणि त्याला लागून असलेला पैनगंगेच्या दोन्ही तीरांचा प्रदेश हा असा भूभाग होय.

तालुक्याला नाव जगदंबेच्या केळापूरचे, कचेरी मात्र जवळच्या पांढरकवड्याला. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला, त्यात हा मुलूखही गेला. पुढे तो वणी जिल्ह्यात होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतांना जोडला गेला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र, ही पुढची स्थित्यंतरे परिचित आहेत. पैनगंगेपलीकडचा आदिलाबादचा भाग मात्र निजामाकडेच राहिला. एकाच डोंगररांगेतील गोंड, परधान आणि कोलाम अशा रीतीने दोन राज्यांच्या दप्तरांत विभागले गेले. मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू या चार भाषा येथे एकमेकींच्या अंगावरून वाहतात. गोंड स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात आणि कोलाम ‘कोलावर’. ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले आहे.

या मुलखाचा अभिलेखातील प्रवेश ज्या संहितांमधून झाला त्यांत भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे स्थान विशेष आहे. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत या सर्वेक्षणाची मागणी झाली, १८९४ पासून ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले आणि ते १९२८ पर्यंत चालले. मुंडा आणि द्राविड भाषांना वाहिलेला चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. त्याची सिद्धता स्टेन कोनो यांची होती. कोलामीची नोंद या खंडात पूर्व वऱ्हाड आणि वर्धा या भागांतील भाषा म्हणून येते. प्रत्येक भाषेचे तीन प्रकारचे नमुने मागवण्याची सर्वेक्षणाची पद्धत होती. पहिला, बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर. दुसरा, स्थानिक पातळीवर निवडलेला एखादा मजकूर. आणि तिसरा, २४१ शब्द व वाक्यांशांची ठरलेली यादी. दृष्टांताची निवड भक्तीपोटी झाली नव्हती. तीनही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तीनही काळ या एका कथेत येतात, हे तिचे व्याकरणिक मोल होते. पुष्ट वासराच्या मेजवानीसारखा तपशील भारतीय भावनांना खटकू नये म्हणून किंचित शब्दबदलही करण्यात आले होते. एवढी खबरदारी घेणाऱ्यांना कथेच्या उरलेल्या भागात खटकण्यासारखे काही दिसले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कारण कथेचे पहिलेच पात्र ‘एक माणूस’ आहे. त्याला नाव नाही, गाव नाही, कूळ नाही. त्याला दोन मुलगे आहेत आणि मालमत्ता आहे. कथेतील पहिली घटना वाटणीची. धाकटा आपला हिस्सा मागतो, दूरदेशी जातो, उधळतो, दुष्काळात डुकरे राखतो आणि पश्चात्ताप पावून परत येतो. मालकी, वारसा, पतन, कबुली आणि क्षमा हे या कथेतील माणूसपणाचे टप्पे होत. हा सांगाडा काश्मीरपासून आसामपर्यंत शेकडो बोलींना पुरवण्यात आला आणि प्रत्येक बोलीने त्याला आपापले प्रत्यय चढवले. ज्या काळात वऱ्हाडातील जंगले राखीव होऊन फिरत्या शेतीवर जगणाऱ्यांचे रान आक्रसत होते, त्याच काळात त्यांच्या भाषेला बापाच्या मालमत्तेच्या वाटणीची गोष्ट सांगण्यास सुचवले जात होते. हा योगायोग असेल, पण तो बोलका आहे. सांगणारा कोण, कोणत्या पोडातला, कोणत्या कुळाचा, हे अशा नमुन्यांत बहुधा नोंदले जात नसे. मजकुरातील माणूस जसा निनावी, तसाच तो उच्चारणारा माणूसही निनावी.

आणखी एक बाब मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची. कोलामी बोलणाऱ्यासमोर ही कथा इंग्रजीतून येणे शक्य नव्हते. स्थानिकांना आधीच समजणाऱ्या भाषेतील रूपावरून भाषांतर करता यावे यासाठी ग्रियर्सन यांनी ज्ञात भाषांतील दृष्टांतांचा संग्रहच छापून घेतला होता. वऱ्हाडात ही मधली भाषा साहजिकच मराठी असणार. म्हणजे कोलामीच्या तोंडी सार्वत्रिक माणूस घालण्याच्या या व्यवहारात मराठी ही केवळ शेजारीण राहत नाही, ती सुईण ठरते. मराठी समीक्षा या इतिहासाकडे पाहते तेव्हा ती त्याच्या बाहेर उभी नसते.

या निनावी माणसासमोर ठेवून पाहण्याजोगी दुसरी संहिता चाळीस वर्षांनी जुनी आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि १८६३ मध्ये नदीत बुडून मृत्यू पावले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत एका परधान गायकाकडून मिळालेले लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडी आणि इंग्रजी भाषांतर अशा रूपात आहे. कथा थोडक्यात अशी : जन्मलेले गोंड रानोमाळ पसरतात आणि जे सापडेल ते भेद न करता खातात. त्यांच्या दर्पाने त्रस्त झालेला महादेव त्यांना गुहेत कोंडतो. चौघे तेवढे निसटतात. लिंगो जन्माला येतो, चौघांना शेती शिकवतो, राक्षसाकडून अग्नी मिळवतो आणि त्या राक्षसाच्या मुली त्यांना लग्नात देतो. पुढे खोट्या आळावरून तेच त्याचा वध करतात. तो पुन्हा जिवंत होतो आणि गुहेतील बाकीच्यांना सोडवतो. अखेर तो त्यांची विभागणी करतो. फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादेत ऐकलेल्या परंपरेत पहांदी कुपार लिंगाल आणि जंगुबाई हे मुक्तिदाते आहेत, आणि चार, पाच, सहा व सात देवांचे चार ‘सगा’ ही त्या मुक्तीची परिणती आहे. त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. कोमरम भीम यांच्या १९४० मधील उठावानंतर निजाम सरकारला गोंडांविषयी जी जाग आली, तिची पार्श्वभूमी त्यांच्या अभ्यासाला होती.

या कथेत माणूस जन्माने माणूस ठरत नाही. जन्मतः तो फक्त भुकेला आहे. त्याचे माणूसपण तीन गोष्टींनी सिद्ध होते : विस्तव, पेरणी आणि कोणाशी लग्न करता येत नाही याचे ज्ञान. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे, कारण मुक्तीनंतर लगेच येते ती विभागणी. सुटका झालेला समूह एकसंध राहिला असता तर तो पुन्हा गुहेपूर्वीच्या अवस्थेत गेला असता; परस्परांना सोयरे होण्यासाठी त्यांना आधी वेगळे व्हावे लागते. म्हणूनच या मुलखात अनोळखी गोंडाला पहिला प्रश्न तू किती देवांचा, असा पडतो. चारदेवे की सातदेवे, हे कळल्याशिवाय तो भाऊ आहे की सोयरा हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय त्याच्याशी कसे वागावे हेही ठरत नाही. ‘एक माणूस होता’ हे वाक्य गोंडीत व्याकरणदृष्ट्या शुद्ध असेल. सगाव्यवस्थेच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

येथवरच्या वाचनातून वसाहतीचा निर्जीव सार्वत्रिक माणूस आणि आदिवासींचा सजीव नातेबद्ध माणूस असे एक सोयीचे द्वंद्व उभे करता येईल. १९९० नंतरच्या देशीवादी आणि उत्तरवसाहतवादी लेखनाला ते मोहवणारे होते. परंतु तसे केल्याने केळापूरच्या वास्तवावर अन्यायच होतो. लिंगोची कथा ज्याच्या तोंडी आहे तो परधान स्वतः गोंडांच्या बरोबरीचा मानला जात नाही. त्याच्या किंगरीशिवाय गोंडांचे दैविक विधी पुरे होत नाहीत, त्यांच्या कुळांचा इतिहास त्याच्याच स्मरणात आहे, पण त्याच्या हातचे अन्न गोंड घेत नसत. हायमेनडॉर्फ यांना असेही आढळले की यांतील अनेक परधान घरी मराठी बोलतात आणि गीत मात्र गोंडीत गातात. म्हणजे कोयतूर कसा माणूस झाला याचा वृत्तान्त सांभाळणारा स्वतः त्या वृत्तान्ताच्या पंगतीत नाही, आणि त्याची घरची भाषा मराठी आहे. मराठी ही येथे केवळ सत्तेची भाषा आणि गोंडी ही केवळ मुळांची भाषा, ही मांडणी या एका तपशिलापुढे टिकत नाही.

स्त्रीच्या बाबतीतही नातेबद्ध माणूसपण निरपवाद उदार नाही; लग्नानंतर तिचे देव बदलतात. व्याकरणाचा दाखला याहून चमत्कारिक आहे. गोंडी आणि कोलामीत नामांचे मुख्यतः दोनच वर्ग पडतात : पुरुषवाचक आणि उरलेले सर्व. स्त्री, बैल आणि दगड यांच्यासाठी क्रियापद एकच रूप घेते. तमिळ व्याकरणपरंपरेने अनेकवचनात मानव आणि मानवेतर असा भेद केला, तो येथे नाही. या भाषांच्या लिंगव्यवस्थेत ‘मानव’ असा वर्गच नाही. यावरून कोलाम स्त्रीला वस्तू मानतात असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. मरे एमेनो यांच्या १९५५ च्या कोलामी व्याकरणातून दिसते की काही संख्यावाचकांत स्त्रियांसाठी स्वतंत्र रूपे आहेत : क्रियापदाने न केलेला भेद मोजणीने केला. मराठीतही ‘माणूस’ पुल्लिंगाबरोबर नपुंसकलिंगात चालतो आणि ‘बाईमाणूस’, ‘घरचं माणूस’ यांत तो सर्रास तसाच येतो. त्यावरून मराठी मनाविषयी कोणी सिद्धान्त रचत नाही. आदिवासी भाषांविषयी मात्र असे सिद्धान्त फार चटकन रचले जातात. व्याकरणातून विश्वदृष्टी काढण्याची घाई ही मागासपणा शोधण्याच्या घाईचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

हा मागासपणा कसा शोधला गेला, हे कोलामांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. टायलर यांनी १८७१ मध्ये मांडलेली जीववादाची कल्पना शिरगणतीच्या धर्मविषयक रकान्यात उतरली आणि डोंगरातील देवांना पुजणारे तिच्याखाली मोजले गेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांत कोलामांवर नोंद आहे आणि गोंडांशी त्यांचे नाते सांगताना ती हिस्लॉप यांच्याच टिपणांवर विसंबते. स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, पण काळाची उतरंड तशीच राहिली. ढेबर आयोगाच्या विचारमंथनानंतर १९७० च्या दशकात काही जमातींना ‘आदिम’ असा दर्जा देण्यात आला. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती त्यात आल्या. शेतीपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता आणि घटती वा कुंठित लोकसंख्या हे निकष होते. २००६ मध्ये केंद्राने ‘आदिम’ हा शब्द काढून ‘विशेष दुर्बल’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. मराठी प्रशासकीय व्यवहारात ‘आदिम जमात’ हाच शब्द रुळलेला राहिला. या दर्जामुळे पोडांवर काही योजना पोचल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच कोलामाविषयी त्याच मुलखातील दुसरी नोंद वाचावी. हायमेनडॉर्फ सांगतात की आदिलाबादचे गोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणत. या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी म्हणून स्थानिक देवतांना प्रसन्न करण्याचा अधिकार त्यांचा मानला जाई. राजवंशाचा अभिमान बाळगणारा गोंड डोंगरातल्या कोलामाला पूजेसाठी बोलावतो.

कोलाम आधीचे आहेत, ही एकच वस्तुस्थिती दोन्ही नोंदींत आहे. गोंडांच्या दृष्टीने आधी असणे हे भूमीशी जुने नाते, म्हणून अधिकार. शासनाच्या दृष्टीने आधी असणे म्हणजे अद्याप न पोचणे, म्हणून उणीव. योहानेस फेबियन यांनी १९८३ मध्ये मानववंशशास्त्राची चिकित्सा करताना अभ्यासक आणि अभ्यस्त यांना एका काळात नांदू न देण्याची जी खोड दाखवून दिली, तिचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. फरक इतकाच की येथे हा व्यवहार ग्रंथापुरता उरला नाही. तो माणसाच्या दाखल्यावर उमटला.

मराठी वाङ्मयचर्चेतील ‘माणूस’ या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहावा लागतो. या कोटीला मराठीत जी नैतिक धार आली ती दलित चळवळीतून. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहात चवदार तळ्याचे पाणी हे तहानेचे निमित्त नव्हते, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करणे हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलेला हेतू होता. तेथे नाव, गाव, कूळ नसलेला माणूस हीच मुक्तीची भाषा होती, कारण नाव, गाव आणि कूळ हीच जातीची हत्यारे होती. उधळ्या पुत्राच्या कथेतील जो निनावीपणा केळापूरच्या डोंगरात उणा वाटतो, तोच महाडच्या तळ्यावर शस्त्र ठरतो. १९५८ च्या मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून शरणकुमार लिंबाळे यांच्या १९९६ मधील सौंदर्यशास्त्रीय मांडणीपर्यंत ‘माणूस’ या शब्दाचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ येथे आहे आणि तो आग्रह अपरिहार्य होता.

प्रश्न निर्माण होतो तो हीच कोटी जशीच्या तशी आदिवासी साहित्याला लावली जाते तेव्हा. १९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’, वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ हे कवितासंग्रह पुढच्या दशकभरातले. समीक्षेने त्यांचे स्वागत केले ते बहुतांशी दलित साहित्याच्या पुढचे पाऊल म्हणून : नाकारलेल्या आणखी एका समूहाची माणूसपणाची मागणी. परंतु दोन नकार एकजातीय नाहीत. दलिताला माणसांच्या बाहेर ठेवले गेले. आदिवासीला माणसाच्या आधी ठेवले गेले. पहिल्याला प्रवेश नाकारला, दुसऱ्याला वर्तमान नाकारला. पहिल्या नकाराला ‘मीही माणूस आहे’ हे उत्तर पुरेसे तेजस्वी असते. दुसऱ्या नकारापुढे तेच उत्तर निष्प्रभ होते, कारण आदिवासी माणूस आहे हे कोणी अमान्यच केलेले नाही. उलट तो मूळचा, निर्व्याज, निसर्गाजवळचा माणूस आहे, अशी त्याची स्तुती केली जाते. ही स्तुती आणि ‘आदिम’ हा प्रशासकीय शेरा यांचे गृहीतक एकच आहे. आदिवासी कवितेत निसर्गाची निरागस प्रतिमासृष्टी शोधणारी समीक्षा नकळत त्याच रकान्यात लिहीत असते.

भुजंग मेश्राम यांच्या संग्रहाचे शीर्षकच या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘उलगुलान’ हा शब्द मराठी नाही, गोंडीही नाही. तो मुंडारी आहे, बिरसा मुंडा यांच्या १८९९-१९०० मधील उठावाचा. विदर्भातील गोंड कवी मराठीत लिहिताना छोटा नागपूरच्या एका वेगळ्या भाषाकुळातील शब्द उचलतो, तेव्हा तो ‘एक माणूस’ म्हणून बोलत नाही आणि आदिम म्हणूनही बोलत नाही. तो सोयरीक जाहीर करतो, आणि तीही तारखांच्या, उठावांच्या आणि खटल्यांच्या काळात. मोतीरावण कंगाली यांचे ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ किंवा व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ ही पुस्तके इतिहासलेखन म्हणून अनेक ठिकाणी वादग्रस्त आहेत. त्यांतील प्राचीनतेचे दावे कित्येकदा ‘आधी’ असण्याचा जुनाच सापळा उलटा लावतात. तरीही त्यांना केवळ अस्मितेचे लेखन म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. लिंगोची कथा माणसाची व्याख्या म्हणून वाचण्याचा आग्रह समीक्षेच्या पुष्कळ आधी या पुस्तकांनी धरला.

असे वाचन मराठीला परके असण्याचे कारण नाही. ‘माणूस’ या शब्दाचे बोलीतील व्यवहार पाहिले तर त्यात नातेबद्धता ठासून भरलेली आहे. आपला माणूस, माणसे जोडणे, माणसांतून उठणे, माणसांत येणे, या प्रयोगांतला माणूस सुटा नाही. ग्रांथिक मराठीने आणि तिच्यामागून समीक्षेने हा अर्थ घरगुती म्हणून मागे ठेवला आणि सुट्या माणसाला तात्त्विक प्रतिष्ठा दिली. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते आणि गोंडी सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार; दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर. तालुक्यातील मुलांची शाळेची भाषा प्रामुख्याने मराठी. तेव्हा लिंगोचे पुढचे वाचक बऱ्याच अंशी मराठी वाचकच असणार, आणि त्यांना ती कथा कोणत्या कोटीतून वाचायला मिळेल हे मराठी समीक्षेवरही अवलंबून राहणार.

हिस्लॉप यांच्या संहितेतील एक भाग या चर्चेत सहसा घेतला जात नाही. गुहेतून सुटलेले गोंड नदी ओलांडताना पुरात अडकतात. मगर त्यांना दगा देते, कासव त्यांना पाठीवरून पार नेते, आणि ते कासवाला कधीही न मारण्याचे वचन देतात. पुढे विभागणी होते, देव स्थापले जातात, लग्ने लागतात. सगळे पार पडल्यावर लिंगो त्यांचा निरोप घेतो. निरोपाच्या बोलण्यात तो शेतीची आठवण देत नाही की देवांची नाही. कासवाला दिलेले वचन पाळा एवढेच तो सांगतो आणि दिसेनासा होतो.